हाडातलं सुण्ण

निपाणीत माझं औषधाचं दुकान आहे. पंधरा वर्षं नेमानं तिथं येऊन डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांखेरीज काडीचंही काही विकत न घेतलेलं गिऱ्हाईक एकच, आमच्या कांबळेबाई. दर शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या वेळेला त्या यायच्या. निवृत्त होऊन जमाना झाला तरी शनिवारचं वेळापत्रक त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. पायरीपाशी छत्री टेकवायची, पर्समधून भिंग काढायचं आणि सरळ उजवीकडच्या फळीशी जायचं. त्या फळीवर मी हाडांसाठीचे 'नैसर्गिक' डबे मांडलेले असायचे. हिरव्या पानांची चित्रं, हसऱ्या म्हाताऱ्या, धावणारे म्हातारे. बाई एकेक डबा उचलायच्या आणि मागची बारीक अक्षरं वाचायच्या. पुढची मोठी अक्षरं त्यांनी कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

"सतीश, हे कुणी खाऊन बघितलंय?"

"लई जणांनी, बाई. गुण येतोय म्हणत्यात."

"आणि न खाणारे किती जण बघितलेस?"

"न खाणारे दुकानात कशाला येतील?"

"मग गुण कशाचा ते तुला कसं कळलं रं?"

मी त्यांचा विद्यार्थी. आठवी ते दहावी विज्ञान त्यांनीच शिकवलं. त्यामुळे समोर गिऱ्हाइकं उभी असताना माझी अशी तोंडी परीक्षा सुरू झाली की मी पन्नाशीचा बाप्या गृहपाठ न केलेल्या पोरासारखा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागायचो. एकदा कंपनीचा एक प्रतिनिधी मला नवीन कॅप्सूल समजावून सांगत होता. "शंभर टक्के नैसर्गिक आहे, मॅडम," असं तो बाईंकडं वळून म्हणाला. बाईंनी भिंगातूनच त्याच्याकडं पाहिलं. "धोतरा पण शंभर टक्के नैसर्गिकच हाय की," त्या म्हणाल्या. "खातोस काय?" त्या माणसानं नंतर माझ्या दुकानात यायची वेळ बदलून घेतली.

मला राग यायचा. धंद्याच्या ठिकाणी असलं बोलणं कुणाला आवडेल? पण बाई कुठलाही डबा वाईट आहे असं कधी म्हणायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच असायचं, की ठाऊक नाही. हा शब्द त्या इतक्या ठामपणे उच्चारायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं बाईंना यातलं सगळं ठाऊक आहे.

हाडांचं हे वेड मूळचं वर्गातलं. आठवीत त्या कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं आणायच्या. एक व्हिनेगरच्या बरणीत ठेवायचं, दुसरं विस्तवावर चांगलं भाजायचं. आठवड्यानं बरणीतलं हाड बाहेर काढलं की ते रबरासारखं वाकायचं, आणि आम्ही पोरं त्याची गाठ मारायला धडपडायचो. भाजलेलं हाड बोटानं दाबलं की चुरा. "चुना गेला की हाड वाकतं, आणि आतला चिवटपणा गेला की मोडतं. दोन्ही लागतं," बाई सांगायच्या. अख्ख्या शाळेत या एका तासाला कुणी दांडी मारत नसे. तंगडी मात्र बाई घरून शिजवून, हाड साफ करून आणायच्या, आणि मांस कुणी खाल्लं ते आम्ही विचारलं की लाजायच्या.

वाकणं त्यांनी घरीच पाहिलं होतं. त्यांची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्मभर उकिडवी बसून काम करत आली. त्याच मजुरीवर तिनं दोन पोरींना शिकवलं. थोरली विमल, म्हणजे आमच्या बाई, मास्तरीण झाली तोवर आई कमरेत इतकी वाकली होती, की मुलीच्या तोंडाकडं बघायला तिला मान वर करावी लागायची. संकेश्वरच्या बाजारात तंबू टाकून बसलेल्या एका वैदूची भुकटी तेव्हा फार गाजत होती. बाईंनीच ती आणली. तीन दिवसांत आईचं दुखणं पळालं. आई आनंदानं गल्लीभर फिरली, एका लग्नात तर हळदीला नाचली. दोन वर्षं भुकटी चालू होती. मग एका सकाळी भरलेली घागर उचलताना खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, असल्या भुकट्यांत कधीकधी सूज उतरवणारं जोरदार औषध गुपचूप मिसळलेलं असतं, दुखणं थांबतं पण हाड पोखरलं जातं.

"त्यात हुतंच काय तसलं?" मी एकदा विचारलं.

"पुडी संपलीती. तपासणार काय?" बाई म्हणाल्या. "ठाऊक न्हाय." मग त्या म्हणाल्या, "आणून मीच दिलतं, एवढं ठाऊक हाय."

आई गेल्यापासून त्यांची वही सुरू झाली. शाळेच्या प्रयोगवहीसारखी, एका पानावर रेघा, दुसरं कोरं. जो कुणी हाडांवरचा पाला, मुळी, भुकटी, लाडू सांगेल त्याचं नाव वहीत जायचं. कुणी खाल्लं, किती दिवस, सोबत दुसरं काय चालू होतं. शेवटी निकाल. निकालाचे तीनच शब्द होते, 'गुण', 'गुण नाही' आणि 'ठाऊक नाही'. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांच्यापुढं बाईंनी लिहिलं होतं, 'अन्न म्हणून चांगले. औषध म्हणून ठाऊक नाही.' डिंकाचे लाडू, 'चवीला गुण.' बाकी वही उघडाल तिथं ठाऊक नाही, ठाऊक नाही. एवढ्या वर्षांच्या खटपटीत हेच हाती आलेलं पाहून मी चेष्टा केली, तर म्हणाल्या, "तुझ्या फळीवरच्या सगळ्या डब्यांत मिळून एवढं खरं न्हाय."

बाईंनी लग्न केलं नाही. धाकटी बहीण लीला कागलला दिली होती. तिचा नवरा वारला, मुलगी रेखा नोकरीला पुण्याला गेली आणि लीलाआक्का निपाणीला बहिणीकडं राहायला आल्या. बाईंच्या घरात हसण्याचा आवाज तेव्हा प्रथम ऐकू आला. लीलाआक्का जाड, बोलक्या आणि बेशिस्त. बाईंना मात्र वेगळाच आनंद झाला होता. त्या धावतपळत दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "सतीश, आता प्रयोग करता येतोय. एका आईच्या पोटच्या दोघी, एक घर, एक चूल. एकीनं खायचं, एकीनं न्हाय. एकट्या माणसाला असली परीक्षा घेता येत न्हाय रं. जोडीला दुसरं पायजेच."

वहीच्या पानावर मधोमध रेघ आली. डावा रकाना विमल, उजवा लीला. नाचणी, तीळ दोघींना. बाईंच्या परसात कुंपणावर कांडवेल होती, चौकोनी कांड्यांची हिरवी वेल. हाडसांधी म्हणून लोक मागून न्यायचे. तिची चिंच घालून तुपात परतलेली चटणी फक्त डाव्या रकान्यात. लीलाआक्कांना राहवेना. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कच्ची कांडी मोडून तोंडात घातली, आणि घसा असा खाजला की दिवसभर बोलता आलं नाही. बाईंनी लिहिलं, 'लीला : शिस्त नाही.' मग दुसऱ्या महिन्यात कळलं, की बाई शाळेच्या जुन्या मैत्रिणींकडं गेल्या की लीलाआक्का डब्यातली चटणी भाकरीला लावून खातात.

"आगं, तू खाल्लंस तर तुलना कशाशी करू?" बाई चिडल्या.

"आक्का, तू एकटी खायालीस आणि मी नुसती बघत बसू? मला न्हाय गोड लागत."

प्रयोग संपला, पण रेघ पुसली नाही. दोघी सगळंच खायला लागल्या, सकाळी उन्हात मिटलेली छत्री घेऊन फिरायला लागल्या, आणि दोन्ही रकान्यांत तेच तेच लिहिलं जायला लागलं.

त्याच सुमाराला लीलाआक्कांच्या आग्रहानं दोघींनी हाडांची तपासणी करून घ्यायचं ठरवलं. माझ्या गाडीतून मी त्यांना बेळगावला घेऊन गेलो. डॉक्टर धारवाडकडचे, भला माणूस, पण मराठी बेताचं. बाईंचा कागद बघून ते म्हणाले, "एलुबिन्याग सुण्णा कडिमी आगेद्री." हाडातला चुना कमी झालाय. कानडीत सुण्ण म्हणजे चुना, निपाणीच्या पोरालाही हे पान खाता खाता कळतं. पण लग्नानंतर लीलाआक्कांचा जन्म कागलला गेला होता, लहानपणीचं कानडी त्या पार विसरल्या होत्या. कडिमी म्हणजे कमी एवढं त्या बाजारात शिकल्या होत्या. बाकीचं त्यांनी मराठीत ऐकलं. त्या एकदम खुलल्या.

"आक्का, सुनं कमी झालंय म्हणतोय की डॉक्टर! मग तोंड का पाडून बसलीयास? मी आल्यापासनं घर भरलं न्हवं का, सुनं कमी हुणारच!"

बाई आधी तिच्याकडं बघत राहिल्या. मग जे हसायला लागल्या, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डॉक्टरांना काही कळेना. कमी झालेला चुना ऐकून इतकं हसलेली बाई त्यांनी पाहिली नसणार. मी समजावून सांगितल्यावर तेही हसले, आणि गोळ्या लिहून दिल्या. येताना गाडीत संकेश्वर येईपर्यंत मध्येच कुणीतरी एक "सुण्ण" म्हणायची की दुसरी सुटायची. बाईंना मी शाळेत तीन वर्षं पाहिलं होतं, दुकानात कितीतरी. त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

दीड वर्षानं, थंडीत, लीलाआक्का गेल्या. हाडांचा काही संबंध नव्हता. छातीत कफ झाला, चार दिवस तापानं फणफणल्या आणि गेल्या.

रेखा आली. दिवस झाले, बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले. माझ्यासमोरच ती बाईंना म्हणाली, "मावशी, आता पुण्याला चल. एकटी इथं पडलीस तर बघणार कोण? आजीचं काय झालं ते विसरलीस?"

हे शेवटचं बोलायला नको होतं. बाईंचा चेहरा दगड झाला. "एक वरीस दे मला," त्या म्हणाल्या. "वर्षानं परत तपासूया. हाडातलं कमी झालं तर मी गुमान येते. तेवढंच राहिलं तर मी माझ्या घरात राहणार, तू परत इषय काढायचा न्हाय." रेखानं मान्य केलं. तिला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं हाड कुठं तेवढंच राहतंय.

बाई कामाला लागल्या. डॉक्टरच्या गोळ्या, नाचणीची आंबील, तीळ, उन्हातलं चालणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, सगळं घड्याळ लावून. दुकानात येणं मात्र त्यांनी बंद केलं, गर्दीत धक्का नको म्हणून. रविवारी दुपारी दुकान बंद करून मीच त्यांच्या गोळ्या घेऊन जायला लागलो. पहिल्याच रविवारी त्यांनी वही पुढं केली. डावा रकाना भरलेला, उजवा कोरा.

"तू येतोस काय या रकान्यात?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम साधा होता. "काय लई न्हाय. रोज सकाळी अर्धा तास चालायचं, मूठभर तीळ खायाचं. रविवारी मला सांगायचं. जोडीला कोणतरी असलं की माणूस टाळाटाळ करत न्हाय."

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? त्यांनी तिथल्या तिथं लीलाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.

आता खरं सांगायचं तर मी एक दिवसही चाललो नाही. सकाळी सहाला उठून चालणारा माणूस मी नव्हे, आणि तिळाची मूठ मी संक्रांतीलाच भरतो. पण दर रविवारी मी आंबिलीचा घोट घेत सांगायचो, "चाललो की बाई, पाचेक दिवस तर नक्कीच." खोट्याला नीट पाय असावेत म्हणून मी रस्ताही सांगितला. बाई आपल्या घराजवळच्या मैदानाला फेऱ्या घालायच्या, म्हणून मी उलट्या बाजूचा निवडला, चिक्कोडी रोड. बाई मान हलवून लिहून घ्यायच्या. मग तासभर बोलत बसायच्या. कुंपणावरची कांडवेल कशी वाढली, शेजारच्यांनी कुत्रं आणलंय, लीला असती तर त्याला भाकरी घालून घालून जाड केलं असतं. निघताना त्या दारापर्यंत यायच्या आणि दर वेळी काहीतरी विसरल्यासारखं करून मला पाचेक मिनिटं आणखी उभं करायच्या. मला दुपारच्या झोपेची घाई असायची. आज ती पाच-पाच मिनिटं आठवली की माझी मलाच लाज वाटते.

वर्ष झालं. रेखा पुण्याहून आली, मी गाडी काढली, आम्ही बेळगावला गेलो. तेच डॉक्टर. त्यांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले, बाईंकडं बघून हसले आणि या वेळी खास मराठीत बोलले. "बाई, तेवढंच आहे. एवढं वय असून कमी झालं नाही. काय खाता तुम्ही?"

मी टाळी वाजवली. रेखाचं तोंड उतरलं, पण शब्दाची पक्की, ती म्हणाली, "जिंकलीस मावशी." बाईंनी भिंग काढून दोन्ही कागदांवरचे आकडे स्वतः ताडून पाहिले.

"कशानं राहिलं?" मी विचारलं. "नाचणीनं, का गोळीनं, का चालण्यानं?"

"ठाऊक न्हाय," त्या म्हणाल्या. "सगळंच एकदम चालू हुतं. सांगता यायचं न्हाय."

परतताना त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. संकेश्वर आलं. तिथं त्या रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, "रेखा, मी येते पुण्याला."

आम्ही दोघंही चमकलो. "आगं पण मावशी, तेवढंच आहे की! तूच म्हणालीस ना?"

"हाडातलं सुण्ण तेवढंच हाय गं," बाई म्हणाल्या. "पण सुनं लई वाढलंय. ते मोजायचं मशीन न्हाय डॉक्टरकडं."

या खेपेला कुणी हसलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या पुण्याला निघाल्या. सकाळी मी निरोप द्यायला गेलो तेव्हा सामान रेखाच्या गाडीत चढलं होतं. कांडवेलीच्या चार कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतल्या होत्या. त्या गाडीत बसल्या, काच खाली केली आणि वही माझ्या हातात दिली. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. फळीजवळ ठेव. कुणी इचारलं तर दाखव."

मी सहज शेवटची पानं उलटली. उजव्या रकान्यात दर रविवारी मी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलेलं होतं. 'सतीश सांगतो : पाच दिवस चालला.' 'सतीश सांगतो : सहा दिवस.' आणि मध्येच, बाईंच्या त्याच गोल अक्षरात, 'आज सकाळी चिक्कोडी रोडला गेले. सोबत चालावे म्हणून. सतीश भेटला नाही.' तीन दिवसांनी पुन्हा. 'पुलापर्यंत गेले. भेटला नाही.' महिन्याभरानं तिसऱ्यांदा. 'थांबून पाहिले. भेटला नाही.' त्यानंतर त्या कधी गेलेल्या दिसल्या नाहीत. पण रविवारची नोंद शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू होती, आणि तळाशी माझ्या रकान्याचा निकाल होता, 'ठाऊक नाही.'

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. धक्क्याला घाबरून दुकानात यायचं सोडलेली ही बाई भल्या सकाळी वाहनांच्या रस्त्यानं एकटी पुलापर्यंत गेली होती, मी सांगितलेल्या थापेच्या मागं.

"बाई," मी म्हणालो, "मी एक दिवस पण चाललो न्हाय."

"ठाऊक हाय की रं."

"मग हितं ठाऊक न्हाय असं का लिवलंत?"

बाईंनी मांडीवरचं ओलं फडकं सारखं केलं. वर्गात खोटं बोलणाऱ्याला त्या छडी द्यायच्या आणि मग कारण विचारायच्या. मी त्या छडीची वाट बघत होतो.

"खरं लिवलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि सांगितलं असतं तर लाजंनं तू रविवारचा यायचा बंद झाला असतास. एवढं एकच खोटं हाय त्या वहीत. तेवढं पोटात घाल."

रेखानं गाडी सुरू केली. बाईंनी काच वर केली आणि लगेच पर्समध्ये हात घातला. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा त्यांनी भाचीनं दिलेली पाण्याची बाटली डोळ्यांजवळ धरली होती, आणि भिंगातून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचत होत्या.